जुना फोन पंधरा दिवस पुसू नका



दिवाळीच्या आधी आमच्या घरी आईसाठी नवा फोन आला. जुना सहा वर्षांचा झाला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तडा, बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकायची आणि 'स्टोरेज फुल' ही पाटी तर रोजचीच. बाबा आणि मी मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेलो. आमच्या जबलपुरात मोबाइल किंवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. दुकानदार म्हणाला, "पुराना हैंडसेट दो दिन में ले आइए, बारह सौ वापस कर दूँगा."

घरात फोनचं काहीही अडलं की हाक मला. शिकले मी इंग्रजीत बीए, पण घरच्यांच्या लेखी मी कॉम्प्युटर इंजिनिअरच! त्या संध्याकाळी तासाभरात मी सगळं उरकलं. आईचं गुगल खातं नव्या फोनमध्ये टाकलं. नंबर आले, भेडाघाटचे फोटो आले, ग्वारीघाटच्या आरतीचा व्हिडिओ आला, व्हॉट्सॲप सुरू झालं. मग जुना फोन हातात घेतला आणि 'फॅक्टरी रीसेट'च्या पानापर्यंत पोहोचले. बोट बटणाच्या वर होतं.

आई हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, "माझी रेकॉर्डिंगं आली का गं त्यात?"

"कसली रेकॉर्डिंगं?"

"आजीची. महालक्ष्म्यांच्या वेळची."

मला माहीतच नव्हतं. तीन वर्षांपासून महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाच्या वेळी आई आजीसमोर फोन ठेवून रेकॉर्डर चालू करत होती. आंबिलीला ज्वारीचं पीठ किती, सोळा भाज्यांत काय काय घालायचं, पुरण किती आटवायचं, नैवेद्याच्या पानात कुठे काय वाढायचं, सगळं आजीच्या तोंडून. मध्येच आजी ओरडतेय, "आधी गॅस बारीक कर!" अशी एकोणीस रेकॉर्डिंगं होती. आजी आता ब्याऐंशीची आहे. गेल्या वर्षभरात तिला बरंच आठवेनासं झालंय. यंदा आंबिलीचं प्रमाण तिने आईलाच विचारलं.

मी नव्या फोनमध्ये शोधलं. एकही रेकॉर्डिंग आलं नव्हतं.

माझी जुनी चूक

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. आमचे आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून व्हॉट्सॲपवर सगळ्यांना आवाजातच निरोप पाठवायचे. २०२१ मध्ये ते गेले. दोन महिन्यांनी त्यांचा फोन माझ्या मावसभावाला द्यायचं ठरलं. मी एकवीस वर्षांची, उत्साही. मोठ्या अभिमानाने फोन 'अगदी नव्यासारखा' करून दिला. त्यात काय होतं, हे पाहिलंही नाही आणि कोणाला विचारलंही नाही.

आम्हीही आपापले फोन 'हलके' करताना त्यांचे निरोप कधीच उडवले होते. आठवडाभराने बाबांनी विचारलं, "अण्णांच्या फोनमधले त्यांचे निरोप कुठे ठेवलेस?" मी काय बोलणार? बाबा रागावले नाहीत. "बरं" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

म्हणून आजचा लेख. जुन्या फोनमधून नव्यात सगळं कसं न्यायचं, हे तर सांगतेच. पण त्याआधीची एक पायरी आपण सगळेच गाळतो. ती म्हणजे ज्याचा फोन आहे, त्याला विचारणं.

पायरी १ : आधी विचारा, मग केबल काढा

फोनचा बॅकअप ठरावीक जागीच पाहतो. गुगलच्या बॅकअपमध्ये साधारणपणे ॲप्सची यादी आणि काही ॲप्सची माहिती, कॉलची नोंद, एसएमएस आणि फोनची सेटिंग्ज जातात. खात्यात साठवलेले नंबर खात्यातून येतात. फोटोंसाठी गुगल फोटोज वेगळं चालू करावं लागतं. त्यातही आधी फक्त कॅमेऱ्याने काढलेले फोटो जातात. व्हॉट्सॲपवर आलेले, स्क्रीनशॉट किंवा डाउनलोड केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर आपण स्वतः चालू केल्याशिवाय त्यांचा बॅकअप होत नाही.

आईची रेकॉर्डिंगं फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये होती. मी केवळ खातं टाकून सगळं 'वरून' उतरवलं. ती फाइल कधी वर गेलीच नव्हती, तर खाली येणार कुठून?

म्हणून फोनच्या मालकाशेजारी दहा मिनिटं बसा आणि हे विचारा:

* आवाज रेकॉर्ड केलेत का? कोणाचे?
* नोट्समध्ये काही लिहिलंय का? दुधाचा हिशोब, पाककृती, भिशीची यादी, गॅसचा ग्राहक क्रमांक?
* जपून ठेवलेला एखादा एसएमएस आहे का?
* औषधांचे अलार्म किती वाजताचे आहेत?
* मेमरी कार्ड घातलंय का? त्यात काय आहे?
* व्हॉट्सॲपवर कोणाचे निरोप अजिबात जायला नकोत?

शेवटच्या प्रश्नाला आईने क्षणभर थांबून उत्तर दिलं. काय ते इथे लिहीत नाही. पण ते मला त्याआधी ठाऊक नव्हतं, एवढं नक्की.

पायरी २ : नंबर नेमके कुठे आहेत?

नंबर तीन ठिकाणी असू शकतात : सिम कार्डमध्ये, फोनच्या स्वतःच्या मेमरीत किंवा गुगल खात्यात. कीपॅडच्या फोनपासून चालत आलेले जुने नंबर बहुधा सिममध्ये अडकलेले असतात. सिममध्ये साधारण अडीचशे नंबर बसतात आणि लांब नावं तुटतात. आमच्याकडे 'शर्मा आंटी राइट टा' अशी एक नोंद होती. राइट टाउनच्या शर्मा आंटी!

जुन्या फोनमध्ये सेटिंग्जमधल्या गुगलच्या पानावर कॉन्टॅक्ट्स सिंक शोधा. फोनमधले आणि सिममधले नंबरही सिंक करण्याचा पर्याय तिथे असतो, तो चालू करा. मग दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरवर तेच खातं उघडून गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये नंबरांची संख्या पाहा. जुन्या फोनमध्ये चारशे आणि तिथे दोनशे असतील, तर अजून पुढे जाऊ नका.

पायरी ३ : शक्यतो फोन ते फोन न्या

नवा फोन पहिल्यांदा सुरू केला की तो विचारतो, जुन्या फोनमधून ॲप्स आणि डेटा आणायचा का? घाईघाईत आपण तिथे 'नंतर' दाबतो. ते करू नका. दोन्ही फोन किमान अर्धे चार्ज करा, घरच्या वायफायवर ठेवा, दोन तास मोकळे काढा आणि तिथेच 'हो' म्हणा.

दोन्ही फोनना टाइप-सी असेल तर दोन्ही टोकांना सारखी पिन असलेली केबल लावा. केबल नसेल तर वायफायवरून क्यूआर कोड स्कॅन करूनही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

कंपन्यांची स्वतःची ॲप्सही आहेत. सॅमसंगचं स्मार्ट स्विच, शाओमीचं एमआय मूव्हर, विवोचं इझीशेअर, ओप्पो-रिअलमी-वनप्लसचं क्लोन फोन. या ॲप्समध्ये काय न्यायचं याची यादी येते. त्यात 'ऑडिओ', 'डॉक्युमेंट्स' किंवा 'फाइल्स' अशी ओळ असते. तिच्यावर खूण केल्याची खात्री करा. रेकॉर्डिंगं बहुधा तिथेच असतात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप जुन्या फोनमध्ये घ्या. हे काम नव्या आयफोनच्या पहिल्या सेटअपच्या वेळीच करायचं असतं. नंतर आठवलं तर आयफोन पुन्हा पुसून सुरुवात करायची वेळ येते. त्यातून नंबर, एसएमएस, कॅमेऱ्याचे फोटो, व्हिडिओ येतात. रेकॉर्डरच्या फाइल्स मात्र वेगळ्या जपाव्या लागतात.

पायरी ४ : व्हॉट्सॲप

दोन रस्ते आहेत.

पहिला, गुगल ड्राइव्हचा. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा. शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख आधी वाचा. आईचा बॅकअप सात महिन्यांपूर्वी अडकला होता, कारण जागा संपली होती. गुगल खात्यात मोफत जागा १५ जीबी मिळते आणि ती मेल, फोटो, ड्राइव्ह सगळ्यांत वाटलेली असते. १ जून २०२१ पासून फोटोंची मोफत अमर्याद साठवण बंद झाली आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. त्यामुळे 'आपोआप होतंय' यावर विसंबू नका. व्हिडिओंचा बॅकअप हवा असेल तर ते बटण वेगळं चालू करावं लागतं.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स. नव्या फोनवर त्याच नंबरने व्हॉट्सॲप सुरू करा. तिथे एक क्यूआर कोड येतो, तो जुन्या फोनने स्कॅन करा. दोन्ही फोन जवळजवळ ठेवा, वायफाय आणि लोकेशन चालू असू द्या. गप्पा थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातात, ड्राइव्हची जागा लागत नाही. ही सोय २०२३ मध्ये आली. पण दोन्ही फोन एकाच जातीचे हवेत, म्हणजे अँड्रॉइड ते अँड्रॉइड किंवा आयफोन ते आयफोन.

एक लक्षात ठेवा. जो फोटो किंवा आवाज जुन्या फोनमधून आधीच डिलीट झालाय, तो या रस्त्याने परत येत नाही. आणि बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो विसरू नका. तो विसरलात तर तुमचा बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडून देता येत नाही.

पायरी ५ : पैशाची ॲप्स

यूपीआय ॲप नव्या फोनवर आलं तरी ते लगेच चालत नाही. त्याला सिम आणि फोन यांची नव्याने गाठ बांधावी लागते. त्यासाठी बँकेत नोंदवलेलं सिम नव्या फोनमध्ये हवं आणि त्यातून एसएमएस जायला हवा. रिचार्ज संपलेला असेल तर गाडी इथेच अडते. दोन सिम असतील तर योग्य सिम निवडा.

फोन बदलला की पहिले २४ तास यूपीआयवर साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. काही बँकांचे नियम याहून कडक असतात. ही मर्यादा आपल्याच सुरक्षिततेसाठी आहे. म्हणून लग्नाच्या खरेदीच्या किंवा दवाखान्याच्या दिवशी फोन बदलू नका आणि घरात थोडी रोख ठेवा.

यूपीआय पिन आणि ओटीपी दुकानात कोणालाही सांगू नका. "लाइए, मैं कर देता हूँ" असं कोणी कितीही प्रेमाने म्हणालं तरी नाही. हे काम घरी, स्वतःच्या हाताने करायचं.

डिजिलॉकरची काळजी करू नका. त्यातले कागद फोनमध्ये नसतात, खात्यात असतात. आधारशी जोडलेल्या मोबाइल नंबरवर ओटीपी आला की सगळं पुन्हा दिसतं. मात्र तो नंबर चालू हवा. गुगल ऑथेंटिकेटरसारखं ॲप वापरत असाल तर जुना फोन हातात असतानाच त्यातली खाती नव्यात न्या. तो फोन गेल्यावर ही खाती उघडताना नाकी नऊ येतात.

पायरी ६ : पंधरा दिवस थांबा

आता मुख्य गोष्ट. सगळं आलं असं वाटलं तरी जुना फोन पुसू नका. सिम काढा, बंद करा आणि कपाटात ठेवा. पंधरा दिवसांत घरातला माणूस नवा फोन रोजच्यासारखा वापरतो आणि एकेक गोष्ट आठवते. आईला चौथ्या दिवशी भिशीची यादी आठवली, नवव्या दिवशी शिवणाच्या मापांचा फोटो. दोन्ही जुन्या फोनमध्ये होते.

एक्सचेंजमध्ये इथेच गोची होते. ऑनलाइन मागवलेला फोन दारात आला की जुना तिथल्या तिथे द्यावा लागतो. तेव्हा दोन फोन शेजारी ठेवून काही नेण्याची संधीच उरत नाही. एक्सचेंज करायचंच असेल तर आदल्या दिवशी फोटो, रेकॉर्डिंगं, कागद सगळं पेन ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि दोन-चार फाइल्स उघडूनही पाहा. जमत नसेल तर एक्सचेंजचा मोह सोडा. आम्ही त्या बाराशे रुपयांवर पाणी सोडलं.

पंधरा दिवसांनी पुसताना क्रम असा ठेवा : मेमरी कार्ड काढा, बँकेच्या ॲप्समधून लॉगआउट करा, सेटिंग्जमधून गुगल खातं काढा, स्क्रीन लॉक काढा आणि मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता फोन पुसला तर पुढच्या माणसाला तो तुमचाच पासवर्ड मागत बसतो. आयफोन असेल तर आधी 'फाइंड माय' बंद करा. फोन अगदीच निकामी असेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. आत बॅटरी असते.

आजीचं काय झालं?

त्या रात्री मी जुन्या फोनचा फाइल मॅनेजर उघडला. शोधाच्या चौकटीत 'रेकॉर्डिंग' लिहिलं, फोल्डर सापडला. एकोणीसच्या एकोणीस फाइल्स होत्या. नावं काहीच नव्हती, नुसत्या तारखा आणि आकडे. केबलने त्या नव्या फोनमध्ये नेल्या, एक प्रत ड्राइव्हवर, एक बाबांच्या कॉम्प्युटरवर. मग आईने एकेक ऐकून नावं सांगितली आणि मी टाइप केली : 'आंबील', 'पुरण', 'नैवेद्याचं पान', 'आजी ओरडते'. नाव नसलेली फाइल दहा वर्षांनी कोणीतरी फालतू समजून उडवतं. हे मी अनुभवातून सांगतेय.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईने एक लावलं. आजीने भात कालवता कालवता कान दिला आणि म्हणाली, "ही कोण बाई एवढी ओरडतेय?"

"आई, तुम्हीच आहात," आई म्हणाली.

आजी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरोबर सांगतेय हो. गॅस बारीकच पाहिजे."

बाबा हसले. मीही हसले. पण आजोबांचे निरोप मला कुठल्याच फोल्डरमध्ये सापडणार नाहीत, हेही तेव्हा आठवलं.

तर मंडळी, आज रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुमच्या फोनमधलं काय गेलं तर तुम्हाला वाईट वाटेल?" नवा फोन घ्यायचा असो वा नसो. जे उत्तर येईल त्याची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि जमल्यास जवळच्या वीस जणांचे नंबर एका वहीत हाताने लिहून ठेवा. जुन्या काळी टेलिफोनशेजारी अशी डायरी असायचीच. तिला ना चार्जिंग लागतं, ना पासवर्ड.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत फोन जपा, आणि फोनमधली माणसंही!